दहा सत्तेचाळीसची ओहोटी

सांगलीच्या स्टँडवर पहाटेच्या गाडीत चढलो तेव्हा कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्याकडे पाहिलं आणि बजावलं, "तूप असेल तर सरळ धरा, घाटात सांडतंय." सरळ धरतो म्हणालो. डब्यात तूप नव्हतं. डब्यात शीला होती.

शीला म्हणजे माझी बायको. सबंध नोकरीभर तिने हायस्कुलात विज्ञान शिकवलं. भाद्रपदात ती गेली. तिच्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मला सूचना सापडल्या, प्रयोगाची कृती लिहावी तशा क्रमाने लिहिलेल्या. राख माझ्या माहेरच्या खाडीत सोडावी. ओहोटी लागल्यावर सोडावी, म्हणजे समुद्रापर्यंत जाईल, वाटेत चिखलात बसणार नाही. मंत्र नकोत. मुहूर्त नको. घाई नको. यातली शेवटची सूचना मी सगळ्यात मनापासून पाळली. अडीच महिने डबा पुस्तकांच्या कपाटात ठेवून मी रोज त्याच्यावरची धूळ पुसत होतो. अखेर आरोंद्याहून तिच्या भावाचा, बाबलचा, फोन आला. "भावजी, ताईक कधी हाडतास?" हाडतास म्हणजे आणता. मग निघालो.

माझ्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढची फजिती तिच्यातूनच झाली. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. दिसेल त्या गोष्टीला मनातल्या मनात वर्गांक देण्याची खोड मला अजून आहे. दशांश पद्धतीत विज्ञान पाचशेपासून सुरू होतं. भरती-ओहोटी पाचशे एक्कावन्नात बसते. भूतपिशाच्च, ज्योतिष आणि तत्सम मंडळींची सोय एकशे तेहेतीसमध्ये केलेली आहे. दोन्हींच्या मध्ये एक सबंध भिंत होती आणि तेवढं अंतर पुरेसं आहे अशी माझी समजूत होती.

आंबोलीला गाडी चहासाठी थांबली. धुकं इतकं होतं की हातातला वडा दिसण्याआधी त्याचा वास आला. परत जागेवर आलो तो शेजारी एक गृहस्थ बसलेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायाशी काळी बॅग. त्यांनी कार्ड दिलं. नावाआधी 'डॉ.' आणि नावाखाली 'ऊर्जाशास्त्रज्ञ' असं छापलेलं होतं. आरोंद्याच्या देवळाच्या सभागृहात त्यांचं तीन दिवसांचं शिबिर होतं.

"हात आडवा धरा," ते म्हणाले.

मी डबा गुडघ्यांत दाबून हात आडवा धरला. त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवून दाबलं आणि माझा हात पुढच्या बाईंच्या अंबाड्यावर पडला. मी माफी मागितली. मग त्यांनी बॅगेतून एक तांब्याचं कडं काढून माझ्या हातात चढवलं आणि पुन्हा दाबलं, या खेपेस कोपराजवळ. हात जागचा हलला नाही.

"पाहिलंत? क्वांटम."

"मेल्यांनो, तुमचा क्वांटम तुमच्या मांडयेर करा," पुढच्या बाई म्हणाल्या.

मनगट आणि कोपर यांतला फरक माझ्या लक्षात आला, पण सावंतवाडी सोडून पाच मैल गेल्यावर. तोवर त्यांनी मला त्यांचा तक्ता दाखवला होता. 'चंद्र-जल-ऊर्जा तक्ता', प्लॅस्टिकच्या आवरणात, तीन रंगांचे आलेख, खाली बारीक अक्षरांत सत्तावीस संदर्भ. संदर्भसूची पाहिली की माझं मन मेणासारखं होतं. ज्याने एवढे संदर्भ दिलेत तो खोटं बोलेल, ही शंका मला चाळीस वर्षांत आली नव्हती.

मी त्यांना उद्या खाडीला ओहोटी कधी लागेल ते विचारलं.

"कोणासाठी?"

"पत्नीसाठी."

"मॅडमची जन्मतारीख?"

आता इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण ती गेल्यापासून मृत्यूचा दाखला, बँक, पेन्शन, गॅसचं कनेक्शन, जिथे गेलो तिथे खिडकीपलीकडून पहिला प्रश्न हाच आला होता. मी तारीख सांगितली, आणि सवयीने आधार कार्डाची प्रतही पुढे केली. त्यांनी तक्त्यावर पट्टी ठेवली, गणकयंत्रावर काहीतरी केलं आणि म्हणाले, "सकाळी दहा सत्तेचाळीस."

दहा सत्तेचाळीस! पावणेअकरा नव्हे. त्या दोन मिनिटांनी माझा निकाल लावला.

आरोंद्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. खाडीच्या पाण्यावर माडांच्या सावल्या लांब झाल्या होत्या आणि पैलतीर इतकं जवळ वाटत होतं की हाक मारली तर गोव्यातून ओ यावी. बाबलने डबा माझ्या हातून दोन्ही हातांनी घेतला, ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवला आणि दारातल्या आंब्याकडे पाहत राहिला. मग त्याची बायको शालन आतून म्हणाली, "आदी जेवा, मगे रडा. एकशिपी थंड होता."

एकशिपी म्हणजे तिसऱ्यांची (खाडीतल्या शिंपल्यांची) एका बाजूची शिंपली तशीच ठेवून केलेली सुकी भाजी. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. अडीच महिन्यांत मी प्रथमच दुसऱ्यांदा भात मागितला. शालनच्या हातातही तांब्याचं कडं दिसलं. गेल्या शिबिरात घेतलेलं.

"गुडघ्यासाठी?" मी विचारलं.

"होय. गुडघो दुखता तो दुखताच हा."

"मग डॉक्टरांना सांगितलं नाही?"

"सांगलंय तर. तो म्हणता, तुमची श्रद्धा कमी पडता. बाजूच्या सुलग्याचो बरो झालो, तेचा नाव कड्याचा. माजो नाय झालो, तेचा नाव माजा." असं म्हणून तिने कडं काढलं आणि सोलकढीच्या भांड्याखाली टेकण म्हणून ठेवलं. भांडं डुगडुगत होतं ते स्थिर झालं. तेवढा उपयोग मी डोळ्यांनी पाहिला.

संध्याकाळी गोविंदमामा आले. हे गावचे तारी. तर म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी, आणि ती चालवणारा तो तारी. पूल झाल्यावर तर बंद पडली, पण त्यांना अजून सगळे तारीच म्हणतात. लहानपणी शीलाला खाडीतून वर शाळेपर्यंत हेच नेऊन सोडायचे. वय ऐंशीच्या घरात, दात मोजके, आवाज पैलतीरावर पोचण्याच्या सवयीचा.

"उद्या सोडतास? बरा. उद्या चवथ," ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत म्हणाले. "चाराची पाऊणपट तीन. तीनाक भरती पुरी. मगे अर्दो तास दम खावा. सुकती लागली काय सोडा."

सुकती म्हणजे ओहोटी, एवढं मला शीलामुळे माहीत होतं. पण चवथ? तिथी? आमच्या घरात पंचांग कधी आलं नाही. आमचं लग्नसुद्धा शीलाने शाळेला सुट्टी होती म्हणून त्या दिवशी लावून घेतलं होतं. मुहूर्त नको, असं ती लिहून गेली होती आणि मी तिथीवर तिला सोडू? मनातल्या मनात मी गोविंदमामांना आदराने उचललं आणि एकशे तेहेतीसच्या फळीवर ठेवलं.

"मामा, माझ्याकडे शास्त्रीय वेळ आहे," मी म्हणालो. "दहा सत्तेचाळीस."

मामांनी बाबलकडे पाहिलं. बाबलने आंब्याकडे पाहिलं.

"सकाळी?" मामा म्हणाले. "बरा. शिकलेले आसास."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही धक्क्यावर गेलो. मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरलो. बाबल मागे डबा धरून उभा. शालन झेंडूची फुलं घेऊन पायरीवर. घड्याळात दहा सत्तेचाळीस झाले तशी मी पहिली मूठ सोडली, मग दुसरी, वर चार फुलं. राखेचा पातळ थर पाण्यावर पसरला, क्षणभर थांबला, आणि शांतपणे उजवीकडे निघाला. समुद्र डावीकडे होता.

मला वाटलं, भोवरा असेल, आता वळेल. एक फूल वळलंही. वळून माझ्या गुडघ्यावर येऊन चिकटलं. पॅन्टची दुमड भिजली, मग मांडी भिजली. तेवढ्यात तीरावरून हाक आली. तीच, पैलतीरावर पोचणारी.

"ओ पावण्यांनू! पाणी चढता हा, दिसणा नाय? शिलग्येक परत शाळेत धाडतास की काय?"

धक्क्यावर जाळं सुकवणारी माणसं हसली. शालन तोंडाला पदर लावून हसली. बाबल डबा छातीशी धरून हसला, आणि हसता हसता त्याचं रडणं कधी सुरू झालं ते त्यालाही कळलं नसावं. मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पाहत होतो. निवृत्त झालेली माझी बायको दोन मुठींएवढी होऊन झेंडूच्या तीन फुलांसह हळूहळू तिच्या लहानपणच्या शाळेच्या दिशेला निघाली होती.

मी झाकण लावलं. डब्यात तीन हिस्से राख उरली होती. घाबरलो ते तेव्हा. पुस्तकाची दुसरी प्रत मागवता येते. हिची येत नाही.

ओल्या कपड्यांनिशी मी तसाच देवळाच्या सभागृहात गेलो. भांडायला नव्हे, भांडणं मला जमत नाहीत. डॉक्टर एका म्हाताऱ्याचा हात खाली दाबत होते. मी घडलं ते सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "विसर्जनाच्या क्षणी मनात शंका होती का?"

"थोडी होती."

"मग! ऊर्जा परत फिरणारच."

"पण शंका नसती तर खाडीचं पाणी उलटं वाहिलं असतं?"

"तुमच्यापुरतं वाहिलं असतं."

शीला वर्गात मुलांना एक प्रश्न विचारायची. कोणी काही ठासून सांगितलं की म्हणायची, हे चूक असेल तर आपल्याला कळणार कसं? घरीही विचारायची, मी भाजीत मीठ घातलंय असं म्हणालो तरी. मी तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला.

"तक्ता चुकत नाही," ते म्हणाले. "आणि याची मोठी आवृत्तीही आहे. भिंतीवर लावता येते."

मी बाहेर आलो. खाडीकाठी मामा नारळाच्या सोडणांच्या (सालींच्या) ढिगावर बसून जाळ्याची गाठ मारत होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि तोच प्रश्न त्यांनाही केला. "मामा, तुमचा हिशेब चुकतो का हो कधी?"

"चुकता तर! कित्याक चुकूचा नाय?" ते जवळजवळ उत्साहाने म्हणाले. "हो हिशोब मोटो ढोबळ. खाडयेच्या तोंडार अर्दो तास आदी भरता, हयसर पुलाकडे बरोबर. मतलई वारो (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा) जोरात असलो तर पाणी कमी चढता. पावसात हूर (पूर) इलो तर इचारूच नको. तिथी दोन दिवस एकच पडली तर माजी गाठ सुटता."

"पण तिथीच का?"

"तिथी म्हणजे काय? चंद्र खंय आसा ता. बाकी पंचांगातला लगीन-मुंज माका काय्येक कळणा नाय." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमका वाटला मी मुहूर्त सांगतंय?"

मी मान डोलावली. ते इतके हसले की गाठ सुटली. "अरे, शिलग्येन माका शाळेत्सून येवन सांगल्यान, मामा, चंद्र पाणी ओढता. म्हटलंय, ओढता ता माका ठावक आसा, किती वाजता ओढता ता तुज्या शाळेच्या बाईंक इचार!"

मी त्यांना म्हटलं, मामा, रागावू नका, पण या खेपेला मला कोणाचाच शब्द घ्यायचा नाही. तुमचाही नाही. मला तपासून पाहायचंय. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल.

"तपासा!" ते उठलेच. "काठी मी देतंय."

त्यांनी बांबूवर कोयत्याने चार-चार बोटांवर खुणा पाडल्या, धक्क्याजवळ चिखलात ठोकला, आणि आम्ही घड्याळ घेऊन बसलो. मी सोबत आणलेली शीलाची ती जुनी वही काढली. दर दहा मिनिटांनी पाणी कोणत्या खुणेला, ते लिहायचं. मामांनी भाकीत आधी लिहायला लावलं, तेही शाईने. "मगे मी फिरलंय असा नको."

दोन वाजता चढत होतं. पावणेतीनला चढणं मंदावलं. तीन वाजून दहा मिनिटांनी खुणेवर थांबलं. साडेतीनला पाण्यावरच्या काडीने थोडा विचार केला आणि ती डावीकडे निघाली. भरतीच्या वेळेत दहा मिनिटांची चूक. चारच्या सुमारास वरच्या अंगाने झेंडूची दोन फुलं परत येताना दिसली. "शाळा सुटली," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळची ओहोटी साडेनऊला पुरी होईल असं मामांनी आधी लिहून दिलं, झाली पावणेदहाला. शालन न्याहारीला घावणे घेऊन धक्क्यावरच आली. वहीत डोकावून म्हणाली, "गुडघ्याचा पण असा लिवूक होया होता. कडा घातलेलो दिस, न घातलेलो दिस." हे वाक्य तिने चटणी वाढता वाढता टाकलं. मी मात्र घावणं हातात धरून तसाच राहिलो. शीला ज्यासाठी सहा महिने फळा झिजवायची ते या बाईने आपण होऊन काढलं होतं. दुपारी सभागृहात जाऊन तिने ते डॉक्टरांनाही ऐकवलं म्हणे, बायकांच्या भरल्या रांगेसमोर. शिबिराचा तिसरा दिवस झाला नाही. डॉक्टरांना अचानक दुसरीकडून बोलावणं आलं.

पंचमीची पाऊणपट पावणेचार. आम्ही साडेतीनला धक्क्यावर होतो. या वेळी मामांनी होडी काढली होती. मामा मागे, बाबल वल्ह्यावर, शालन मध्ये, मी डबा घेऊन नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला. खाडीच्या मध्यावर जाऊन थांबलो. चार वाजले. पाणी काचेसारखं स्थिर. मला वाटत होतं, आता जर चुकलं तर.

सव्वाचारला होडीचं तोंड आपोआप वळू लागलं.

"लागली," मामा हळूच म्हणाले. तेवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

मी डबा पाण्याजवळ नेऊन तिरका केला. मंत्र नव्हते. शीलाने नको म्हटलं होतं, आणि मला दुसरं काही सुचलंही नाही. राख पसरली, लांब झाली आणि डावीकडे निघाली. आधी सावकाश, मग ठरवल्यासारखी. बाबलने वल्ही उचलून धरली, आणि होडी थोडं अंतर तिच्या बरोबरीने वाहत गेली. पुढे खाडी रुंद होते, तिथे ऊन पाण्यावर इतकं सांडलं होतं की राख कुठली आणि चकाकी कुठली ते ओळखता येईना. मी डबा खाडीत विसळला. विसळलेलं पाणीही तिच्या मागे गेलं.

"आज रातीक दर्याक पोचतली," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "सुमारान."

मी आणखी एक दिवस राहिलो. षष्ठीला साडेचारची भरती पाच वाजायला पाच मिनिटं असताना पुरी झाली. पंचवीस मिनिटांची चूक. ते मी वहीत लिहिलं. म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं? सांगितलं, तर मामांचे डोळे चमकले. "पंचवीस? खरा सांगतास? कित्याक जाला ता?" आणि त्यांनी आकाश, माडांचे शेंडे, पाण्याचा रंग असं सगळं पुन्हा पाहिलं. वही त्यांना देऊन टाकली. शेवटचं पान त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

परतीच्या गाडीत रिकामा डबा पिशवीत घालून मांडीवर घेतला. तो वाकडा धरला तरी आता चालणार होतं. घाट चढताना मला एवढंच सुचत होतं की चाळीस वर्षं मी पुस्तकं पाठीवरच्या अक्षरांवरून लावली. आलेख, संदर्भ, मिनिटापर्यंतची वेळ हा सगळा पोशाख आहे, आणि तो भाड्याने मिळतो. आपण कुठे कुठे चुकतो याची यादी विचारताच जो हौसेने सांगतो, त्याचं ऐकायला बसावं. हे शीलाने मला अनेकदा सांगितलं असणार. मी त्या वेळी बहुधा वाचत होतो.

घरी येऊन महिना झाला. सांगलीला समुद्र नाही, खाडी नाही. पण एक दिवसाआड संध्याकाळी फोन वाजतो. बाबलच्या मोबाइलवरून मामा बोलतात, अजूनही पैलतीरावर हाक मारल्यासारखे, त्यामुळे मी फोन कानापासून हातभर लांब धरतो.

"लिवन घेवा! दशमी. हिशोब साडेसात. पाणी थांबला सात पन्नासाक."

"वीस मिनिटं, मामा."

"वीस!" ते खूश होऊन ओरडतात. "वारो व्हतो. मी म्हटलंय ना, वारो!"

मी नव्या वहीत लिहून घेतो. काल त्यांचा हिशेब मिनिटाला मिनिट बरोबर आला. ते सांगताना त्यांचा आवाज जरा पडलेला होता, आणि खरं सांगायचं तर माझाही.